मुखपृष्ठामागची एक ओळ

कुठलेही मराठी पुस्तक उघडा. पहिली दोन-तीन पाने उलटली, की प्रकाशकाचे नाव, पत्ता, आवृत्तीचे साल, किंमत असा बारीक अक्षरातला मजकूर सापडतो. त्यातच बहुतेक वेळा एक ओळ असते : 'सर्व हक्क स्वाधीन'. ती आपण सहसा वाचत नाही. वाचली, तरी ती आपल्यासाठी नाही असे समजून पुढे जातो.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. सातवीला पचनसंस्था शिकवणाऱ्या एका बाईंना जुन्या पुस्तकात एक सुरेख आकृती आणि तिच्याखाली सोप्या भाषेतले वर्णन सापडले. त्यांनी ती आकृती फळ्यावर काढली, मुलांना झेरॉक्स दिली. वर्गातली निम्मी मुले घरी अहिराणी बोलतात, म्हणून बाईंनी वर्णन अहिराणीत करून पाहिले. मुलांना ते आवडले. मग तालुक्यातल्या इतर शाळांसाठी एक छोटी पुस्तिका छापावी असे ठरले आणि तिथे गाडे अडले. परवानगी कुणाची घ्यायची? लेखक हयात नाहीत. प्रकाशनसंस्था बंद झालेली. वारस कोण, कुठे, काही पत्ता नाही. पुस्तिका निघालीच नाही.

यात कुणीही नकार दिलेला नाही, हे लक्षात घ्या. लेखकाला विचारले असते तर त्याला कदाचित आनंदच झाला असता. पण तसे त्याने कुठे लिहून ठेवलेले नव्हते. आणि आजच्या कायद्यात, लेखक गप्प असेल तर त्याचा अर्थ 'नाही' असाच होतो.

हे असे का झाले, आणि 'हो' म्हणू इच्छिणाऱ्या लेखकांसाठी काय वाट निघाली, त्याचा इतिहास तीनशे वर्षांचा आहे.

विद्येच्या उत्तेजनार्थ

कॉपीराइटचा पहिला आधुनिक कायदा इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या काळात झाला आणि १७१० साली अमलात आला. त्याआधी लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघाकडे छपाईची मक्तेदारी होती. एखादे पुस्तक एकदा एखाद्याच्या नावावर लागले, की ते कायमचे त्याचे. लेखकाचा त्याच्याशी फारसा संबंध उरत नसे.

नव्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. हक्क लेखकाला दिला आणि त्याला मुदत घातली. नव्या पुस्तकासाठी १४ वर्षे, आणि तेव्हा लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षे. त्यानंतर ते पुस्तक कुणीही छापावे. या कायद्याच्या नावातच तो विद्येच्या उत्तेजनार्थ आहे असे म्हटले होते. लेखकाला काही काळ कमाई करू द्यायची म्हणजे तो आणखी लिहील, आणि मग ते लेखन सगळ्यांचे व्हायचे, असा हा सौदा होता.

पुस्तकविक्रेत्यांना हे सहजी पटले नाही. आपला हक्क कायमचाच आहे, असे ते पुढेही कित्येक वर्षे म्हणत राहिले. अखेर १७७४ साली अलेक्झांडर डोनाल्डसन या एडिंबरोच्या विक्रेत्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की छापलेल्या पुस्तकावरचा हक्क मुदतीनंतर संपतो. अमेरिकेनेही १७९० साली आपला कायदा केला तेव्हा हीच १४ अधिक १४ वर्षांची मुदत घेतली.

मौनाचा अर्थ बदलला

त्या काळी हक्क हवा असेल तर काहीतरी करावे लागे : पुस्तकाची नोंद करायची, प्रती जमा करायच्या. ज्याने हे केले नाही त्याचे पुस्तक सगळ्यांसाठी मोकळे. म्हणजे लेखकाच्या मौनाचा अर्थ तेव्हा 'घ्या' असा होता.

१८८६ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी काही देशांनी मिळून एक करार केला. लेखकाचा हक्क एका देशाच्या सीमेशी संपू नये, हा त्याचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. या करारात १९०८ साली बर्लिनमध्ये दुरुस्ती झाली. तिने ठरवले, की हक्क मिळवण्यासाठी नोंदणीसारखा कसलाही सोपस्कार नको. लेखन कागदावर उतरले, की हक्क आपोआप लागू. लेखकाची सोय झाली, पण मौनाचा अर्थ उलटा झाला. आज एखाद्या शिक्षकाने प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहिलेले बडबडगीतही लिहिल्या क्षणापासून कायद्याने राखीव असते, त्याची तशी इच्छा असो वा नसो.

मुदतही वाढत गेली. आपल्याकडचा १९१४ चा कायदा ब्रिटिश कायद्यावर बेतलेला होता. त्यात हक्काची मुदत सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांपर्यंत होती. मात्र त्यात भारतासाठी एक वेगळी सवलत होती. भाषांतराचा हक्क मूळ प्रकाशनानंतर फक्त १० वर्षे टिके. तेवढ्या काळात लेखकाने एखाद्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध केले नाही, तर त्या भाषेत ते कुणीही करावे. इतक्या भाषांच्या देशात ही तरतूद किती मोलाची होती हे सांगायला नको. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्यात ती राहिली नाही. त्याऐवजी सात वर्षांनंतर अर्ज करून परवाना मागण्याची वाट ठेवली गेली.

१९४१ साली निधन पावलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. तो संपू नये म्हणून खटपट झाली, आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत ५० वरून ६० वर्षे झाली. ती सगळ्यांनाच लागू झाली. साने गुरुजी १९५० साली गेले. जुन्या मुदतीप्रमाणे त्यांची पुस्तके १ जानेवारी २००१ ला सर्वांची झाली असती. ती झाली १ जानेवारी २०११ ला.

कायद्याने शिक्षकांना अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा गुन्हा नाही, असे १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या सवलतीचा अर्थ बराच उदार लावला. पण ही सवलत शिकवण्यापुरती आहे. वर छापलेली पुस्तिका, भाषांतर करून दुसऱ्या शाळांना दिलेला धडा, सर्वांसाठी खुला केलेला पाठ हे तिच्यात बसतीलच असे नाही.

१९१० सालची दोन विधाने

१९१० साली ब्युनोस आयर्स येथे अमेरिका खंडातल्या देशांनी कॉपीराइटचा एक करार केला. दुसऱ्या सभासद देशात संरक्षण हवे असेल, तर हक्क राखल्याचे विधान पुस्तकावर असले पाहिजे, अशी त्यात अट होती. 'सर्व हक्क राखीव' ही ओळ जगभरच्या पुस्तकांवर पक्की होण्यामागे या कराराचा मोठा वाटा आहे.

त्याच १९१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमाच्या छापखान्यातून एक छोटे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यावर बरोबर उलटे छापले होते : कोणतेही हक्क राखलेले नाहीत. हे पुस्तक म्हणजे गांधीजींच्या 'हिंद स्वराज्य'चे भाषांतर. मूळ गुजराती पुस्तक त्यांनी नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून परतताना 'किल्डोनन कासल' या बोटीवर लिहिले होते. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने गुजराती पुस्तकावर बंदी घातली होती. ज्या पुस्तकाचा प्रसार व्हायला हवा, त्यावर हक्क कशाला राखायचा, असा हा सरळ विचार.

पण गांधीजी तिथेच थांबले नाहीत. लेखन जसजसे अनेक भाषांत जाऊ लागले, तसा भाषांतर नीट होते की नाही हा प्रश्न आला. संस्थेच्या खर्चाचाही प्रश्न होता. ते व्यवहाराकडे झुकले. १९४० साली केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन संस्थेला दिले. ते २००८ च्या अखेरीस संपले. 'काहीच राखायचे नाही' हे म्हणणे सोपे, पण मग मजकुराचा विपर्यास झाला तर हातात काही उरत नाही. 'सगळे राखायचे' म्हटले, तर ज्याच्यासाठी लिहिले त्याच्यापर्यंत ते पोचत नाही.

मजकूर मोकळा सोडला तर तो बिघडतो, हा अनुभव आपल्याला छापखान्याच्याही आधीपासून आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातांनी नकलता नकलता त्यात पाठभेद शिरले. म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती जमवून शुद्ध पाठ तयार केला आणि यापुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. नकला करायला त्यांची ना नव्हती. हरकत होती ती बदलाला. म्हणजे 'हो' आणि 'नाही' यांच्या मध्ये बऱ्याच जागा आहेत, हे जुन्या लोकांनाही ठाऊक होते. नव्हती ती फक्त कायद्यात बसणारी भाषा.

प्रिंटरमध्ये अडकलेला कागद

ती भाषा आली संगणकाच्या क्षेत्रातून. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात वरचेवर कागद अडके. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनने जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम बदलून एक सोय केली होती : कागद अडकला, की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तशी सूचना येई. नव्या प्रिंटरलाही तेच करावे, तर त्याच्या प्रोग्रॅमची मूळ संहिताच दिलेली नव्हती. ती ज्याच्याकडे होती अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाला त्याने विचारले. मी कुणाला देणार नाही असे लिहून दिले आहे, असे उत्तर आले.

१९८३ साली स्टॉलमनने 'ग्नू' नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. पण प्रोग्रॅम नुसता मोकळा सोडला, तर कुणीही तो घ्यावा, थोडा बदलावा आणि कुलूपबंद करून विकावा. यावर त्याने शोधलेला उपाय मोठा गमतीचा आहे. त्याने कॉपीराइट सोडला नाही. उलट त्याच्याच बळावर एक अट घातली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'जनरल पब्लिक लायसन्स' या परवान्याचा सारांश असा : हा प्रोग्रॅम वापरा, अभ्यासा, बदला, वाटा, मात्र बदललेली प्रत दुसऱ्यांना देताना तिची मूळ संहिताही द्या आणि त्यांनाही याच सवलती द्या. अट मोडली तर परवाना गेला, आणि परवाना गेला की साधा कॉपीराइटचा भंग. हक्क राखणाऱ्या कायद्यालाच अशा रीतीने वाटण्याच्या कामाला जुंपले गेले.

मुलींचा गृहपाठ आणि सर्वोच्च न्यायालय

प्रोग्रॅमसाठी हे जमले; मग कविता, चित्र, पाठ, छायाचित्र यांचे काय? या प्रश्नाला तोंड फुटले ते एरिक एल्ड्रेड या अमेरिकन गृहस्थामुळे. न्यू हॅम्पशायर राज्यात राहणाऱ्या एल्ड्रेडने नथॅनिएल हॉथॉर्नची कादंबरी आपल्या मुलींना गोडीने वाचता यावी म्हणून संगणकावर टिपांसह तयार केली. पुढे मुदत संपलेली अनेक पुस्तके त्याने अशीच इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवली. रॉबर्ट फ्रॉस्टचा १९२३ सालचा कवितासंग्रह लवकरच मोकळा होणार होता आणि एल्ड्रेड त्याची वाट पाहत होता. तेवढ्यात १९९८ साली अमेरिकेच्या संसदेने सगळ्या मुदती २० वर्षांनी वाढवल्या.

एल्ड्रेडने सरकारवर खटला भरला. कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी त्याची बाजू मांडली. १५ जानेवारी २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल त्याच्या विरुद्ध दिला. १९२३ ची ती पुस्तके मोकळी झाली १ जानेवारी २०१९ ला.

पण खटला चालू असतानाच या मंडळींनी दुसरे काम हाती घेतले होते. कायदा बदलत नसेल, तर ज्यांना आपले काम वाटायचे आहे त्यांना निदान तसे सोप्या रीतीने सांगता यावे. लेसिग, एल्ड्रेड आणि एमआयटीतले संगणकशास्त्रज्ञ हॅल ॲबलसन यांनी इतर काही जणांसह २००१ साली 'क्रिएटिव्ह कॉमन्स' ही संस्था काढली. डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले.

'कॉमन्स' म्हणजे आपल्याकडचे गायरान. गायरान कुणा एकाचे नसते, पण म्हणून तिथे कुणी काहीही करावे असेही नसते. कुंपण घालायचे नाही हा त्याचा पहिला नियम. फरक एवढाच, की गायरानातले गवत चरले की संपते. धडा कितीही जणांनी नेला तरी मूळ लेखकाकडे तो तसाच उरतो.

चार अटी

या परवान्यांत चार अटी आहेत आणि त्यांच्या जुळणीतून सहा परवाने होतात. आपल्या अहिराणी पुस्तिकेचे उदाहरण घेऊन त्या समजून घेऊ.

पहिली अट श्रेयाची : वापरा, पण माझे नाव द्या. ही सहाही परवान्यांत आहे. सुरुवातीला तीही ऐच्छिक होती. परंतु जवळजवळ सगळेच ती निवडतात असे दिसल्यावर २००४ साली ती कायम केली गेली. पैसे सोडायला तयार असलेला माणूसही आपले नाव सोडत नाही!

दुसरी अट, व्यापारासाठी नको. पुस्तिका फुकट वाटा, नफ्यासाठी विकू नका. तिसरी अट, बदल नको. जशीच्या तशी छापा, पण भाषांतर करून वाटायचे असेल तर विचारा. एकनाथांचे बजावणे याच जातीचे होते. चौथी अट समवाटपाची. भाषांतर करा, भर घाला, पण तुमची नवी पुस्तिकाही इतरांना याच अटींवर द्या. हे स्टॉलमनच्या परवान्याचेच तत्त्व. तिसरी आणि चौथी अट एकत्र येत नाहीत. जिथे बदलच नको, तिथे बदललेली प्रत कशी वाटायची हा प्रश्न उरत नाही.

प्रत्येक परवाना तीन रूपांत असतो : वकिलांसाठी पूर्ण मजकूर, तुमच्या-आमच्यासाठी एका पानाचा सारांश आणि संगणकाला ओळखता येईल अशी खूण.

असल्या परवान्याला कोर्टात कोण विचारतो, अशी शंका येणे साहजिक आहे. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचा छंद. त्या चालवण्याचा प्रोग्रॅम त्यांनी आणि इतर हौशी मंडळींनी लिहून खुल्या परवान्याखाली सर्वांना दिला होता. एका कंपनीने त्यातला भाग लेखकांची नावे न देता आपल्या मालात घेतला. २००८ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितले, की फुकट दिले म्हणून अटी पोकळ होत नाहीत. अट मोडणे हा कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. हा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा नव्हता, पण निकालाचा आधार सगळ्याच खुल्या परवान्यांना मिळाला.

यातून काय निघाले

२००१ साली सुरू झालेला विकिपीडिया हा ज्ञानकोश आधी 'ग्नू'च्याच एका परवान्याखाली होता. तो परवाना संगणकाच्या माहितीपुस्तकांसाठी बेतलेला. एका पानाचा लेख छापून वाटायचा तरी त्याला परवान्याचा सगळा मजकूर जोडावा लागे. २००९ साली विकिपीडियाने श्रेय आणि समवाटप या दोन अटींचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना घेतला. २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडियाही त्यात आला. म्हणून त्यातला लेख शिक्षकाने घ्यावा, वर्गाला झेपेल असा सोपा करावा, आणि श्रेय देऊन त्याच अटींवर पुढे वाटावा. कुणाला पत्र लिहावे लागत नाही.

एमआयटीने २००१ साली आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला खुले करण्याची घोषणा केली. २००३ साली निघालेल्या 'प्लॉस बायॉलॉजी' या संशोधनपत्रिकेने शोधनिबंध केवळ श्रेयाच्या अटीवर खुले ठेवले. भारतात एनसीईआरटीने २०१३ साली शालेय साहित्याचे खुले भांडार सुरू केले. बंगळूरच्या प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केले. तिथल्या मुलांच्या चित्रकथा कुणीही आपल्या भाषेत करू शकतो. त्यात मराठीबरोबरच ज्या भाषांत छापील बालसाहित्य मुळातच थोडे आहे अशाही भाषा आहेत. इतक्या छोट्या भाषांसाठी एकेका पुस्तकाची परवानगी मिळवत बसायचे म्हटले, तर हे काम उभेच राहिले नसते.

हे सगळ्यांसाठी नाही

या परवान्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही, तेव्हा विचार करूनच द्यावा. जे आपले नाही ते आपल्याला देताही येत नाही; दुसऱ्याच्या पुस्तकातले चित्र आपल्या पाठात घालून तो पाठ खुला केला, म्हणजे चित्र खुले होत नाही. 'व्यापारासाठी नको' या अटीची हद्दही धूसर आहे. फी घेणाऱ्या खाजगी शिकवणीत असा स्वाध्याय वापरला तर तो व्यापार म्हणायचा का? मते वेगवेगळी पडतील. आणि लेखणीवर ज्याचे घर चालते त्याने आपले पुस्तक फुकट द्यावे, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. १७१० चा सौदा अशा लेखकासाठीच होता आणि तो आजही हवा.

पण आपल्यापैकी बहुतेकांचे लेखन त्या जातीचे नसते. आपण स्वाध्याय तयार करतो, प्रयोगाच्या कृती लिहितो, एकांकिका रचतो, प्रश्नसंच बनवतो. त्यातून कमाई व्हावी अशी अपेक्षा नसते. शिक्षक निवृत्त झाले, की त्या वह्या कपाटातून रद्दीत जातात. शेजारच्या शाळेतला नवा शिक्षक तेच सगळे पहिल्यापासून करतो. काही वर्षांनी कुणाला त्या सापडल्याच, तर त्या छापायच्या कुणाच्या परवानगीने, हा सुरुवातीचा प्रश्न पुन्हा उभा.

(एक सावधगिरी : नोकरीचा भाग म्हणून, संस्थेसाठी लिहिलेल्या मजकुराचा हक्क संस्थेकडे असू शकतो. तेवढे आधी विचारून घ्यावे.)

तेव्हा पुढच्या वेळी स्वाध्याय लिहाल, त्याच्या तळाशी आपले नाव, साल आणि खालची ओळ लिहा :

'हा स्वाध्याय कुणीही नकलावा, वाटावा, भाषांतरित करावा, बदलावा. मूळ लेखकाचे नाव द्यावे, बदल केल्यास तसे नमूद करावे आणि बदललेली प्रत याच अटींवर इतरांना द्यावी. क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेयनिर्देश-समवाटप, आवृत्ती ४.०.'

ही ओळ लिहायला दोन मिनिटे लागतात. ती असती, तर त्या बाईंची अहिराणी पुस्तिका निघाली असती.